तोतारामने पालट मागितली

रावेरच्या केळीबागांत घड वाहणाऱ्या टोळ्या पुष्कळ. त्यांत तोतारामचं नाव एका गोष्टीसाठी निघायचं. त्याने जन्मात कधी पालट मागितली नव्हती.

पालट म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. केळीचा घड कापला की तो खांद्यावर घेऊन बागेच्या आतून रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत आणायचा. मध्ये जमिनीवर टेकवायचा नाही. टेकवला की खालच्या फण्या दबतात, पुढे काळ्या पडतात आणि व्यापारी तोंड वाकडं करतो. बाग लांब असली, नुकतं पाणी दिलेलं असलं, पाय चिखलात रुतत असले की वाहणारा अर्ध्यात थकतो. मग त्याने ओरडायचं, "पालट!" रिकामा गडी धावत येतो, घडाखाली आपला खांदा लावतो आणि ओझं जमिनीला न लागता पुढे जातं. घड ट्रकात नीट बसला की मुकादम हाळी देतो, "पोचला!" तो कोणाकोणाच्या खांद्यावरून आला, हे कोणी विचारत नाही.

त्यात कमीपणा काही नाही. टोळीत सगळेच पालट मागतात. तोताराम मागत नसे. बाग कितीही लांब असो, त्याने उचललेला घड त्याच्याच खांद्यावरून ट्रकात चढायचा. त्यापायी त्याची मान कायमची एका अंगाला कलली. उजवा खांदा खाली गेला आणि त्यावर जोड्याच्या तळव्यासारखी कातडी तयार झाली. मंजुळाबाई, त्याची बायको, सदरा शिवायला टाकताना शिंप्याला दर वेळी सांगायची, "उजवीकडून जरा उतरता ठेव भाऊ."

वय झालं तसा तोताराम टोळीतून उतरला. उतरताना तो टोळीचा मुकादम होता; त्याच्या जागी टोळीतलाच नवल मुकादम झाला. तोतारामकडे टोळीतल्या दोनच गोष्टी उरल्या. एक, बागांत जायची जुनी काळी सायकल. लोखंडी, जड, मागे रुंद कॅरिअर, गिअर वगैरे काही नाही. दुसरी, स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवरचं बाकडं. टोळी सकाळी तिथे जमायची आणि बाकड्याचा कडेचा भाग तोतारामसाठी रिकामा ठेवायची.

त्याची मुलगी पुनम कोकणात शिक्षिका होती. जयगडच्या अलीकडच्या एका वाडीत जिल्हा परिषदेची शाळा. खानदेशातली पुष्कळ पोरं अशी मास्तर होऊन तिकडे जातात आणि बदलीच्या आशेवर राहतात. पुनमने आशा सोडली होती असं नाही, पण तिला तिथलं चांगलं मानवलं होतं. तिने गिअरची सायकल घेतली होती. सुट्टीच्या दिवशी ती समुद्राकाठच्या रस्त्याने लांब लांब जायची आणि फोनवर सांगायची.

"आबा, तुम्ही या. रत्नागिरीहून माझ्या गावापर्यंत समुद्राच्या कडेने रस्ता आहे. आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड, आणि शेवटी जयगडचं दीपगृह. एका दिवसात होतं. दोघं सायकलने जाऊ."

तोतारामने दुसऱ्या दिवशी हे बाकड्यावर सांगितलं. सांगितलं म्हणजे जाहीरच केलं.

"चढाले उतरून ढकलशीन ना?" चुडामणने विचारलं. चुडामण त्याच्याच वयाचा, टोळीतला सगळ्यात जुना गडी. टोळीत काही वाद निघाला की निवाडा त्याचा. "तुह्या सायकलले गेर ना काही."

"ढकलनार नाही."

नवलने चहाचा घोट कसाबसा गिळला. तो मूळचा शिंदखेड्याकडचा. रावेरात इतकी वर्षं काढली, तरी बोली तिकडचीच राहिली होती. "नाना, तुमनी ती सायकल शे का रणगाडा? तठे बठ्ठा डोंगर शे."

"डोंगर म्या पाह्यले नाही का?" तोतारामने उत्तरेकडे हात केला. तिकडे सातपुडा निळा दिसत होता. "ही सायकल रत्नागिरीहून निघीन आन् जयगडले पोचीन. एकाबी चढाले ढकलत नेनार नाही, गाडीत टाकनार नाही. नेली, तर ह्या बाकड्यावर पुन्हा बसनार नाही."

 

"सपाटीवर चहाले उतरशात ते चाली का?" नवल म्हणाला.

"सपाटीवर उतरीन. चढावर नाही."

"मंग मी सोता येसू देखाले. रत्नागिरीना व्यापारीले माल धाडानाच शे."

चुडामण हसला नाही. त्याने तोतारामकडे पाहिलं. "तोता, बाकडं पणाले काहून लावतं?"

पण तोताराम बोलून गेला होता.

त्याच दिवशी त्याने आखणी सुरू केली. मुकादम असताना तो बागेची आखणी जमिनीवर करायचा. काडीने रेघ ओढायची, रस्ता कुठे, पाण्याचा पाट कुठे, ट्रक कुठे लागणार, सगळं धुळीत काढून टोळीला दाखवायचं. तशीच त्याने अंगणात लांब रेघ ओढली. एका टोकाला रत्नागिरी म्हणून पाटा ठेवला, दुसऱ्या टोकाला दीपगृह म्हणून वरवंटा उभा केला. मधोमध एक वीट ठेवली. मग पुनमला फोन लावून मंजुळाबाईला तो धरायला सांगितला, म्हणजे पोरीला रेघ दिसावी.

"आबा, ही वीट कसली?" पुनम म्हणाली.

"चढ."

"एकच?"

"डोंगर एकच राहील ना मधी. चढायचा, उतरायचा. बाकी रस्ता तं पाण्याच्या कडेनं आहे. पाटाच्या कडेचा रस्ता कसा, एकदम सपाट. पाणी काय चढावर राह्यतं?"

पुनम इतकी हसली की फोन हातातून पडला असावा, कारण मंजुळाबाईला नुसतं छत दिसू लागलं. पुन्हा तोंड दिसलं तेव्हा ती डोळे पुसत होती.

"आबा, तो पाट नाही. समुद्र आहे. रस्ता खाली वाळूपाशी येतो, मग कड्यावर चढतो, मग परत खाडीवर उतरतो, परत चढतो. विटा आणा. पुष्कळ आणा."

"उंच किती? पालच्या घाटाएवढा?"

"छे. एकेक चढ बघितला तर पालच्या घाटापुढे काहीच नाही."

तोतारामने एवढं ऐकलं आणि त्याचं समाधान झालं. पाल हे सातपुड्यातलं गाव. तिथवरचा घाट म्हणजे आमच्याकडची चढाची कसोटी. ज्याला पाल जमतं, त्याला त्याहून बुटके चढ काय करणार? त्याने अंगणात आणखी विटा ठेवल्या खऱ्या, पण त्या ठेवताना त्याच्या मनात त्यांचा हिशेब आधीच संपला होता. पुनम पुढे म्हणाली, "आबा, उंची बघू नका, मोजदाद बघा," ते मंजुळाबाईने ऐकलं. त्याने ऐकलं नाही.

मग सराव. पहाट फुटायच्या आत तो पालच्या रस्त्याला लागायचा. सुरुवातीला अर्ध्या घाटात छाती भरून यायची. तो थांबायचा, पण उतरायचा नाही. एक पाय दगडावर टेकून सायकलवरच उभा राहायचा आणि तिथून पुन्हा पायडल दाबायचा. चढावर थांबलेली जड सायकल पुन्हा हलवणं हे चढण्यापेक्षा अवघड काम आहे, हे ज्याने केलं त्यालाच कळतं. पंधरवड्यात थांबणं बंद झालं. मग त्याने कॅरिअरवर मातीचं पोतं बांधलं.

"सगळा जन्म ओझी वाह्यली," मंजुळाबाई म्हणाली. "आता ओझं नाही तं माती घेऊन फिरायलेत."

"पोतं काढलं की सायकल फुलासारखी हलकी लागते, मंजुळे."

"मानेचं काय? ती पोतं काढून सरळ नाही झाली."

 पण घाट एका दमात होऊ लागला होता. माथ्यावर पोचलं की तो सायकलवर बसूनच मागे बघायचा. सगळं खाली असायचं. केळीबागांचा हिरवा पट्टा, त्यापलीकडे धुरकट तापी. मिळवलेली उंची त्याची असायची. उतरायचं तेव्हा घरीच जायचं असायचं.

थंडी पडली, पुनमला सुट्टी लागली आणि निघायचं ठरलं. नवलची पिकअप मालाने भरली. तोतारामने सायकल केळीच्या घडांसारखीच बांधली. खाली पानांचा थर, वर पानांचा थर, मधल्या दांड्याला पानं गुंडाळून सुतळीचे वेढे. कुठे घासायला नको. मंजुळाबाईने कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी, ठेचा आणि वाळवलेल्या मिरच्या घेतल्या. पोरीला तिकडचं सगळं मिळत होतं, कळणा मिळत नव्हता.

रत्नागिरीत माल उतरला. पुनम आदल्याच संध्याकाळी एसटीने आली होती, तिची सायकल एसटीच्या टपावरून. सकाळी उजाडताना दोघं निघाली. पुढे बाप आणि लेक, मागे नवलची रिकामी पिकअप, केबिनमध्ये मंजुळाबाई. खाडीवरचा पूल ओलांडला तेव्हा खालून होड्या निघत होत्या. तोतारामला खारट वास पहिल्यांदा लागला आणि त्याने नाक मुरडलं. "काही सडलं का इथं?"

"तो समुद्र आहे, आबा."

आरे-वारेचा पहिला चढ आला तसा तोताराम सीटवरून उठला. पायडलवर उभा राहून त्याने सायकलला पालच्या घाटात शिकवलेला सगळा जोर दिला. दोन्ही बाजूला सुरूची झाडं, रस्ता कड्याच्या कडेने वर. पुनम मागे राहिली. ती बसूनच येत होती, पाय भराभर फिरत होते, सायकल मात्र सावकाश. तो वर पोचला तेव्हा ती निम्म्यातच होती. त्याला फार बरं वाटलं.

वरून त्याने समुद्र पाहिला. एवढं पाणी त्याने कधी पाहिलं नव्हतं. तापीचा पूर पाहिला होता, पण त्या पुराला पलीकडचा काठ असायचा. इथे काठच नव्हता. पिकअप येऊन थांबली. मंजुळाबाई खाली उतरली, डोक्यावरचा पदर सावरत कड्याच्या कडेपर्यंत गेली. मग म्हणाली, "इतकं पानी आन् शेताले काही कामाचं नाही." नवल खो खो हसला.

"नाना, चढनात की एक!" नवल म्हणाला.

"एकच होता, झाला," तोताराम म्हणाला.

पुनम येऊन पोचली. तिला धाप लागलेली नव्हती. तिने पुढे बोट केलं. रस्ता समोर वळून थेट खाली गेला होता, वाळूपर्यंत. आणि वाळूच्या पलीकडे पुन्हा कड्यावर चढला होता.

 अंगणातल्या विटा तोतारामला तेव्हा दिसल्या.

उतार म्हणजे आराम, असं त्याने धरलं होतं. तेही चुकलं. जुन्या सायकलचे ब्रेक लोखंडी सळईचे, दाबून दाबून हात भरून आले. सायकल जड, ती खाली धावते तेव्हा तिला धरून ठेवायलाही ताकद लागते. खाली पोचला तो दमलेल्या हातांनी, आणि मिळवलेली सगळी उंची गेलेली. समोर पुन्हा तेवढाच चढ. घाटात एकदा माथा आला की तो आपला. इथे दर वेळी माथा हातातून काढून घेत होते.

दुसरा चढही त्याने उभं राहूनच काढला, रागाने. तिसऱ्याला मांड्या थरथरल्या. गणपतीपुळ्याच्या अलीकडे रस्ता एका लांब वळणाने वर गेला, तिथे पुनम त्याच्या बाजूला आली.

"आबा, बसा. बसून मारा. माझ्याबरोबर या."

"बसून ही सायकल चढत नाही."

"मग तिरकी न्या. या काठापासून त्या काठापर्यंत. गाडी आली तर नवलभाऊ भोंगा वाजवतील."

त्याला हे पटलं नाही. घड घेऊन कोणी तिरकं चालतं का? पण दम संपत आला होता, म्हणून त्याने करून पाहिलं. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, नांगराच्या फेऱ्यांसारखं. चढ लांबला, पण नरमला. त्याला हे आवडलं, आणि आवडलं हे त्याने लपवलं नाही. "हे पालले आधी काहून नाही सांगतलं?"

"सांगत होते. तुम्ही विटा मोजत नव्हता."

पुळ्याला देवळाबाहेरून नमस्कार केला. मालगुंडच्या पुढे एका झाडाखाली भाकरी सोडली. पुनमने पहिला घास घेऊन डोळे मिटले. नवलने ठेच्याने नाक ओढत विचारलं, "पुनमताई, अजून कितला चढ शेतस?"

"आहेत," पुनम म्हणाली. तिने आकडा सांगितला नाही. बापाकडे बघून तिने तो सांगायचं टाळलं असावं.

तोतारामने मात्र आता पद्धत धरली होती. चढ दिसला की सपाटीवरच वेग कमी करायचा, पुनमच्या चाकामागे चाक लावायचं, तिरकं जायचं, तोंड बंद ठेवून नाकाने श्वास घ्यायचा. जांभ्या दगडाच्या भिंती, आंब्याच्या बागा, कौलारू घरं, अंगणात सुपारी वाळत घातलेली. एका घराच्या पायरीवरून एक म्हातारी ओरडली, "बाई, हे तुझे वडील काय गं? एवढ्या वयात?" पुनमने ओरडूनच उत्तर दिलं, "हो काकू! रावेरहून!" तोतारामची कललेली मान त्या वेळी जरा वर झाली. एकेक चढ मागे पडत होता आणि सायकल एकदाही ढकलली गेली नव्हती. नवलने टोमणे मारायचं कधीच सोडलं होतं. आता तो प्रत्येक माथ्यावर भोंगा वाजवत होता, लग्नाच्या वरातीत वाजवतात तसा.

शेवटी रस्ता एका खाडीवर उतरला. छोटा पूल, मोरीचे कठडे, आणि पलीकडे जयगडच्या सड्यावर जाणारा चढ. सडा म्हणजे वरचं उघडं, खडकाळ पठार. झाड नाही, सावली नाही. दुपार कलली होती आणि वारा समुद्राकडून थेट तोंडावर सुटला होता.

पुलाच्या सपाटीवरच तोतारामच्या मांडीत गोळा आला. असा, की पायडल अर्ध्यावर राहिलं आणि तो कसाबसा कठड्याला टेकला. पाय सरळ होईना. मंजुळाबाई धावत आली आणि तिने दोन्ही हातांनी मांडी चोळायला सुरुवात केली. गोळा हलला, पण गेला नाही.

नवलने पिकअप बंद केली. तो खाली उतरून जवळ आला, आणि या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "नाना, टाकू गाडीत. मी बाकडावर कोणलेच सांगाव नहीं. आईनी आन."

"तू सांगनार नाही," तोताराम म्हणाला, "पण मी बसनार कसा तिथं?"

तो चढाकडे बघत राहिला. त्याने काम आयुष्यभर एका मापाने मोजलं होतं: उचललेलं मधे ठेवायचं नाही. या पायाने सायकल वर जाणार नव्हती, हे त्याला नीट कळत होतं. ढकलत नेली असती तर गेली असती. पिकअपमध्येही गेली असती. दोन्हीचा अर्थ एकच, घड जमिनीवर टेकला.

शेजारी पुनम उभी होती, आपली सायकल धरून. घामाने ओढणी मानेला चिकटलेली. तिने त्याला काही सुचवलं नाही. ती याच घरात वाढली होती. काही गोष्टी बापाला सुचवायच्या नसतात, हे तिला ठाऊक होतं.

तोतारामने एकदा नवलकडे पाहिलं, एकदा सायकलकडे. मग तो म्हणाला, "पुनम, पालट."

मंजुळाबाईचे हात मांडीवर थांबले. नवलने डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात धरून तसाच उभा राहिला. टोळीत इतकी वर्षं काढली, पण हा शब्द या तोंडून त्याने ऐकला नव्हता.

पुनमने आपली सायकल कठड्याला लावली आणि बापाच्या हातून काळी सायकल घेतली. घडाखाली खांदा लावतात तशी, आधी तिचा हात लागला, मग त्याचा सुटला.

"ताई, ती जड शे," नवल म्हणाला.

"माहीत आहे," पुनम म्हणाली. "लहानपणी तिच्या दांड्यावर बसूनच शाळेत जायचे."

ती पुलाच्या मागे जरा लांबवर गेली, सपाटीवर वेग धरला आणि चढाला लागली. तोताराम तिच्या सायकलवर बसला. पाय चावत होता, पण गिअरची सायकल हलकी. तिने जाताना कोणता दांडा कुठे दाबायचा ते सांगितलं होतं. पाय गरागरा फिरू लागले आणि सायकल मुंगीच्या चालीने वर निघाली. त्याला ते विचित्र वाटलं. कष्ट होते, पण पसरून टाकलेले होते, एखाद्या मोठ्या चादरीवर धान्य पसरावं तसे.

पुढे पुनम मान खाली घालून उभी राहून पायडल मारत होती. वारा तिला मागे ढकलत होता. काळी सायकल या काठाला जायची, त्या काठाला जायची, आणि प्रत्येक वळणावर थांबल्यासारखी व्हायची. तिला वर बघायला सवड नव्हती. रस्ता तिला दिसत नव्हता.

तेव्हा तोतारामला आपलं काम सापडलं. खांद्यावर घड असला की वाहणाऱ्याला त्या बाजूची जमीन दिसत नाही. मग मागचा गडी जमीन सांगत चालतो.

"खडी आहे. डावीकडून," तो ओरडला.

पुनम डावीकडे गेली.

"खड्डा. सरळ राह्य. आता वळ. सावकाश."

ती वळली. चाक डुगडुगलं, सावरलं.

"चांगला रस्ता आहे. मार. आता मार."

त्याचा आवाज वाऱ्यात तुटत होता, पण तिला पोचत होता. मागून पिकअप पहिल्या गिअरमध्ये घरघरत येत होती आणि मंजुळाबाई खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडत होती, काय ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. एकदा पुनम अगदी थांबली असं वाटलं. सायकल उभी, पाय पायडलवर, सगळा भार एका पायावर. तोतारामने तेव्हा काही सांगितलं नाही. तिथे सांगण्यासारखी जमीन उरली नव्हती, फक्त तिचा पाय होता. तो पाय खाली गेला. चाक फिरलं.

"माथा!" तो ओरडला. "पुनम, माथा आला! बस खाली!"

सड्यावर आलं की रस्ता सपाट होतो. पिवळं गवत, काळसर कातळ, आणि समोर दीपगृह. वाऱ्याने दोघांचे कपडे फडफडत होते. ती दोघं शेजारी शेजारी फाटकापर्यंत गेली आणि दोघांनी एकदमच पाय टेकले. पुनम हँडलवर डोकं ठेवून हसत होती की रडत होती, ते तिलाच माहीत. तोतारामने तिच्या पाठीवर थाप मारली. टोळीत गड्याच्या पाठीवर मारतात तशीच, जरा जोराची.

नवल उतरला आणि त्याने फोन काढला. तोतारामने तो त्याच्या हातून घेतला.

"आधी मी बोलतो."

चुडामण बाकड्यावरच होता. आजूबाजूला निकाल ऐकायला टोळी जमलेली होती, त्यांचा कालवा ऐकू येत होता.

"बोल तोता. ढकलली का?"

"ढकलली नाही. गाडीत टाकली नाही. पन शेवटच्या चढाले माह्या पायानं नाही आली. पुनमनं आनली. म्या पालट मागतली."

पलीकडचा कालवा एकदम थांबला. तोतारामने फोन कानाशी घट्ट धरला. त्याला बाकड्याची कड डोळ्यांसमोर दिसत होती.

"कोनाले मागतली?" चुडामणने विचारलं.

"लेकीले."

"तू. पालट मागतली."

"हो."

 मग चुडामण फोनवर बोललाच नाही. तो टोळीकडे वळला असावा, कारण त्याचा आवाज लांबून आला. तीच हाळी होती, भरलेल्या ट्रकाजवळ उभं राहून मुकादम देतो ती.

"पोचला रे! तोतारामचा घड पोचला!"

आणि मागून सगळी टोळी ओरडली. फोन फुटेल असा आवाज आला. नवलने टोपी हवेत भिरकावली, ती वाऱ्याने कातळावरून पार उडून गेली आणि तो तिच्यामागे पळाला. मंजुळाबाईने पुढे होऊन नवऱ्याच्या सदऱ्याची उजवी बाजू नीट केली. तोताराम फोन तसाच हातात धरून उभा होता. पुनमने काळ्या सायकलचं हँडल अजून सोडलं नव्हतं.

"दे आता," तो म्हणाला.

"नाही," पुनम म्हणाली. "माझ्या घरापर्यंत उतार आहे. उतार माझा."

तोताराम तिच्या हलक्या सायकलवर बसला आणि तिच्या मागे लागला.

"वळण आहे," तो ओरडला. "ब्रेक आधी दाब!"